सामने न खेळून मिळवलेले मानांकन : २०१८ च्या विश्वचषकापूर्वीचा पोलंड

१ डिसेंबर २०१७ रोजी मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये फुटबॉल विश्वचषकाची गटवारी ठरवणारी सोडत झाली. संघ चार पॉटमध्ये, म्हणजे चार टोपल्यांत, विभागले होते आणि प्रत्येक गटात प्रत्येक पॉटमधला एक संघ जाणार होता. पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे मानांकित संघांत, यजमान रशियासोबत जर्मनी, ब्राझील, पोर्तुगाल, अर्जेंटिना, बेल्जियम, फ्रान्स आणि पोलंड होते. स्पेन, इंग्लंड, उरुग्वे, कोलंबिया आणि क्रोएशिया दुसऱ्या पॉटमध्ये होते. पोलंडचा संघ स्पेनपेक्षा सरस आहे असे तेव्हा कुणी म्हणत नव्हते. तरी फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, क्रमवारीत पोलंड सहावा होता आणि स्पेन आठवा. पोलंड तिथवर कसा पोहोचला, त्यासाठी काय सोडले आणि सात महिन्यांनी त्याचे काय झाले, याचा हा अभ्यास. महासंघाचे पदाधिकारी, प्रशिक्षक आणि खेळाडू यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण तपासायचे आहेत ते निर्णय.

पार्श्वभूमी

पोलंडची फुटबॉल परंपरा मोठी आहे. १९७४ आणि १९८२ या दोन्ही विश्वचषकांत हा संघ तिसरा आला होता. त्यानंतर उतरण लागली. २००२ आणि २००६ मध्ये तो गटातच बाद झाला, २०१० आणि २०१४ मध्ये पात्रच ठरला नाही. २०१२ ची युरो (युरोपीय अजिंक्यपद) स्पर्धा पोलंडने युक्रेनसोबत भरवली, पण घरच्या मैदानावर ग्रीस आणि रशियाशी बरोबरी आणि चेक प्रजासत्ताकाकडून हार एवढेच हाती लागले. संघ गटात तळाला राहिला.

या यजमानपदाचा आणखी एक फटका बसला होता आणि पुढचे प्रकरण समजण्यासाठी तो लक्षात घ्यायला हवा. तेव्हा यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नसे. म्हणजे स्पर्धेआधीची दोन वर्षे फक्त मैत्रीपूर्ण सामन्यांची, आणि क्रमवारीच्या त्या काळच्या सूत्रात अशा सामन्यांना नगण्य वजन होते. त्यामुळे यजमान संघ क्रमवारीत घसरत जायचा, भले तो बरा खेळत असो. पोलंड साठाच्याही खाली गेला आणि २०१३ च्या अखेरीस तो ७८ व्या क्रमांकावर होता. सूत्र संघाला कसे खाली ओढते हे या महासंघाने स्वतः सोसले होते. तेच सूत्र वरही नेऊ शकते हे पुढे त्यांच्याइतके नीट फार थोड्यांना उमगले, याचे मूळ मला इथे दिसते.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये नवा प्रशिक्षक आला. वर्षभराने, ११ ऑक्टोबर २०१४ रोजी, वॉर्सामध्ये पोलंडने जर्मनीला २-० ने हरवले. जर्मनीविरुद्धचा हा पोलंडचा इतिहासातला पहिला विजय, तोही नुकत्याच विश्वविजेत्या झालेल्या संघावर. युरो २०१६ मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि पोर्तुगालकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. पोर्तुगालनेच ती स्पर्धा जिंकली. संघ खरोखर चांगला होता, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढची सगळी प्रगती कागदावरच्या गणिताची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

क्रमवारीचे गणित

२००६ पासून २०१८ पर्यंत फिफा प्रत्येक सामन्याचे गुण चार आकडे गुणून काढत असे. पहिला आकडा निकालाचा : विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला ०. दुसरा सामन्याच्या महत्त्वाचा : मैत्रीपूर्ण सामन्याला १, पात्रता सामन्याला २.५, खंडीय स्पर्धेला ३, विश्वचषकाला ४. तिसरा प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा : २०० मधून त्याचा क्रमांक वजा करायचा, अव्वल संघासाठी मात्र पूर्ण २००. चौथा दोन्ही संघांच्या खंडांना दिलेल्या वजनांची सरासरी : युरोप आणि दक्षिण अमेरिका जवळपास १, बाकी खंडांना ०.८५.

गोल किती झाले, सामना घरी झाला की बाहेर, याला काही किंमत नव्हती. ०-१ ने हरा की ०-४ ने, गुण शून्यच.

खरी गोम पुढच्या पायरीत होती. वर्षभरातल्या सामन्यांच्या गुणांची बेरीज न धरता सरासरी धरली जायची. गेल्या बारा महिन्यांची सरासरी पूर्ण, त्याआधीच्या वर्षाची निम्मी, मग ३० टक्के आणि २० टक्के. वर्षात पाचपेक्षा कमी सामने झाले तर सरासरी त्या प्रमाणात कापली जायची, म्हणजे घरी बसूनही भागत नव्हते. पण पाचाचा उंबरठा पात्रता सामन्यांनीच ओलांडला जात असेल, तर प्रत्येक मैत्रीपूर्ण सामना सरासरीला जोखीम होता.

मैत्रीपूर्ण सामन्यात जगातल्या अव्वल संघाला हरवले तरी जास्तीत जास्त ६०० गुण मिळत. पात्रता फेरीत शंभराव्या क्रमांकाच्या संघाला हरवले तर सुमारे ७५०. समजा एखाद्या संघाने वर्षभरात सात पात्रता सामने खेळले, प्रतिस्पर्धी सगळे पन्नासाव्या क्रमांकाचे, त्यांतले सहा जिंकले आणि एक हरला. खंडाचा आकडा सोयीसाठी १ धरू. प्रत्येक विजयाचे ११२५ गुण, सरासरी ९६४. आता त्याच संघाने विसाव्या क्रमांकाच्या संघांशी दोन मैत्रीपूर्ण सामने खेळले आणि दोन्ही जिंकले. सरासरी किती झाली? ८७०. दोन विजय मिळवून संघ ९४ गुणांनी खाली आला. दोन्ही बरोबरीत सुटले तर सरासरी ७९०, दोन्ही हरला तर ७५०.

जिंकूनही खाली जावे लागत असेल तर दोष सूत्राचा आहे. तो फिफाचा होता, पोलंडचा नाही.

प्रश्न

२०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीची सोडत २०१५ च्या जुलैमध्ये सेंट पीटर्सबर्गला झाली. तेव्हा पोलंड तिसऱ्या पॉटमध्ये होता. त्याच्या गटात पहिल्या पॉटमधून रुमानिया आला आणि दुसऱ्यातून डेन्मार्क. शिवाय माँटेनेग्रो, आर्मेनिया आणि कझाकस्तान. त्या दिवशी इटली आणि फ्रान्स दुसऱ्या पॉटमध्ये होते, रुमानिया आणि वेल्स पहिल्या. रुमानिया आणि वेल्सने मैत्रीपूर्ण सामने मोजकेच ठेवले होते. मोजके सामने खेळून काय साधता येते याचा नमुना पोलंडच्या स्वतःच्याच गटात बसला होता.

कझाकस्तानात २-२ अशी निराशाजनक सुरुवात झाल्यावर पोलंडने डेन्मार्क आणि आर्मेनियाला हरवले आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये रुमानियाला ३-० ने नमवले. तीन दिवसांनी व्रोत्सवाफमध्ये स्लोव्हेनियाशी १-१ अशी मैत्रीपूर्ण बरोबरी झाली. या सूत्रात अशा बरोबरीचे दोनशेहून जास्त गुण मिळूच शकत नव्हते.

इथे निर्णयाचा पहिला क्षण आला. मागच्या दोन विश्वचषकांत पहिला पॉट ऑक्टोबरच्या क्रमवारीवरून भरला गेला होता, त्यामुळे २०१७ मध्येही तसेच होणार असा अंदाज बांधता येत होता. मधल्या काळातल्या मार्च आणि जून २०१७ च्या खिडक्यांत (आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत) पोलंडला प्रत्येकी एकच पात्रता सामना होता. उरलेल्या दिवसांचे काय करायचे?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा. दोन्ही खिडक्यांत एकेक तगडा पाहुणा बोलावायचा. प्रशिक्षकाला नवे खेळाडू पाहायला मिळतात, राखीव खेळाडूंना मिनिटे मिळतात, तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न येते. किंमत : निकाल काहीही लागो, सरासरी घसरण्याचा मोठा धोका.

दुसरा पर्याय, कमकुवत संघाशी खेळायचे. हा सगळ्यांत वाईट. जिंकले तरी गुण थोडे, शिकायला काही नाही, आणि चुकून बरोबरी झाली तर दुहेरी नुकसान.

तिसरा, काहीच खेळायचे नाही. क्रमवारी सुरक्षित राहते आणि क्लबच्या लांब हंगामाने थकलेल्या खेळाडूंना उसंत मिळते.

चौथ्या पर्यायाची चर्चा फारशी होत नाही, पण माझ्या मते तो गांभीर्याने विचारात घेण्याजोगा होता. त्या वेळच्या नियमानुसार मैत्रीपूर्ण सामन्यात एका संघाने सहापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवले तर तो सामना पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना म्हणून धरला जात नसे. म्हणजे बंद दाराआड, दोन्ही महासंघांच्या संमतीने, दहा-दहा बदल करून सराव सामना खेळता येत होता आणि क्रमवारीला धक्का लागत नव्हता. त्यात प्रेक्षक नाहीत, उत्पन्न नाही, सामन्याची धारही थोडी कमी. पण आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला एखादा संघ कसा धावतो, कसा दाब टाकतो, हे बचावपटूंना कळते.

काय केले

पोलंडने तिसरा पर्याय निवडला. नोव्हेंबर २०१६ मधल्या स्लोव्हेनिया सामन्यानंतर पूर्ण एक वर्ष संघ एकही मैत्रीपूर्ण सामना खेळला नाही. मार्चमध्ये माँटेनेग्रोला त्यांच्या घरी २-१ ने हरवले, जूनमध्ये रुमानियाला ३-१ ने. ऑगस्ट २०१७ च्या क्रमवारीत पोलंड पाचवा होता. हा त्यांचा आजवरचा सर्वोच्च क्रमांक.

१ सप्टेंबरला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कने ४-० ने धुव्वा उडवला. पुढच्या क्रमवारीत पोलंड पाचव्यावरून सहावर आला, बस एवढेच. पराभवाचा आकार सूत्राला दिसत नव्हता. मला हा सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा, पण वाया गेलेला क्षण वाटतो. वेगवान, शरीराने दणकट आणि पुढे येऊन दाब टाकणाऱ्या संघासमोर पोलंडची मधली फळी कोलमडते हे त्या रात्री उघड झाले होते. क्रमवारीच्या तक्त्यात त्याची खूण उमटली नाही, आणि महिनाभरात पात्रता पक्की झाल्यावर त्या प्रश्नाची निकडही ओसरली.

ऑक्टोबरमध्ये आर्मेनियाला ६-१ आणि माँटेनेग्रोला ४-२. दहा सामन्यांत आठ विजय, २५ गुण, गटात पहिला क्रमांक. कर्णधाराने एकट्याने १६ गोल केले, युरोपीय पात्रता फेरीतला हा विक्रम होता. पहिल्या पॉटमधून आलेला रुमानिया १३ गुणांवर चौथा राहिला. सोडतीतले चांगले स्थान पुढचे सामने जिंकून देत नाही याचा पुरावा पोलंडने स्वतःच्या पायांनी तयार केला होता.

सप्टेंबरमध्ये फिफाने जाहीर केले की या वेळी पहिलाच नव्हे तर चारही पॉट क्रमवारीनुसार भरणार. ऑक्टोबरच्या यादीत पोलंड सहावा आला आणि जागा निश्चित झाली.

यात नैतिक चूक होती का, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, विशेषतः स्पेन दुसऱ्या पॉटमध्ये जाऊन पोर्तुगालच्याच गटात पडल्यावर. माझे उत्तर ठाम नाही असे आहे. नियम सगळ्यांना खुले होते. पोलंडने कोणताही सामना मुद्दाम हरला नाही, कुणाशी संगनमत केले नाही. महासंघाचे काम संघाला चांगली संधी मिळवून देणे हे आहे आणि ते त्यांनी अभ्यासपूर्वक केले.

निर्णयाचा दुसरा क्षण

जागा मिळाल्यावर क्रमवारीचे ओझे उतरले. आता सात महिने हातात होते. सोडतीत पोलंडला सेनेगल, कोलंबिया आणि जपान मिळाले : आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आशिया. पॉट एकमध्ये असण्याचा फायदा दिसत होता. जर्मनी, ब्राझील, फ्रान्स यांतले कुणीच समोर नव्हते.

पोलंडने आता सामने खेळायला सुरुवात केली आणि प्रतिस्पर्धी नीट निवडले. नोव्हेंबरमध्ये, सोडतीच्या आधीच, उरुग्वेशी ०-० आणि मेक्सिकोकडून ०-१. मार्च २०१८ मध्ये नायजेरियाकडून ०-१, दक्षिण कोरियावर ३-२. जूनमध्ये चिलीशी २-२, लिथुएनियावर ४-०. सहा सामने, दोन विजय, दोन बरोबरी, दोन हार.

याच सामन्यांत प्रशिक्षकाने तीन बचावपटूंची नवी रचना आजमावली. पात्रता फेरी चार बचावपटूंच्या रचनेवर जिंकलेली होती. वर्षभर प्रयोग बंद ठेवल्यामुळे सगळे प्रयोग शेवटच्या काही सामन्यांत कोंबावे लागले, आणि तेही अनोळखी शैलीच्या संघांसमोर. त्यात जूनमधल्या सराव शिबिरात बचावफळीचा आधारस्तंभ खांद्याच्या दुखापतीने पहिल्या सामन्याला मुकला.

निकाल

१९ जूनला मॉस्कोत सेनेगलने २-१ ने हरवले. पहिला गोल स्वतःच्याच बचावपटूला लागून जाळ्यात गेला. दुसरा मागे दिलेल्या एका दुबळ्या पासवर, उपचार घेऊन नुकत्याच मैदानात परतलेल्या आघाडीवीराने हिसकावून घेतला. २४ जूनला कझानमध्ये कोलंबियाने ३-० ने हरवले आणि स्पर्धेबाहेर पडणारा पोलंड हा पहिला युरोपीय संघ ठरला. जपानवरचा १-० विजय उपयोगाचा नव्हता. गटात शेवटचा क्रमांक. १६ गोलांच्या कर्णधाराला संपूर्ण स्पर्धेत एकही गोल करता आला नाही.

पहिला सामना सुरुवातीचा, दुसरा सर्वस्व पणाला लावण्याचा, तिसरा इज्जतीचा, असे पोलंडचे चाहते कडवटपणे म्हणतात. २००२ आणि २००६ मध्येही हाच क्रम होता.

प्रशिक्षकाने पद सोडले. ऑगस्ट २०१८ मध्ये नव्या पद्धतीची पहिली क्रमवारी आली तेव्हा पोलंड पहिल्या दहात नव्हता. त्या शरद ऋतूत युएफा नेशन्स लीग या युरोपीय संघांच्या नव्या स्पर्धेत पोर्तुगाल आणि इटलीसोबतच्या गटात संघाला चार सामन्यांत एकही विजय मिळाला नाही.

वेगळे काय करता आले असते

विश्वचषकानंतर सोपे स्पष्टीकरण तयार होते : मैत्रीपूर्ण सामने टाळले म्हणून तयारी कच्ची राहिली. मला ते अपुरे वाटते. हिशेब मांडून पाहा. प्रत्यक्षात टाळलेले सामने मार्च आणि जून २०१७ चे, म्हणजे दोन, फार तर तीन. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या खिडक्या पात्रता सामन्यांनीच भरल्या होत्या. दोन-तीन सामन्यांमुळे संघ इतका कोसळत नाही.

दोष त्याआधीच्या निवडीत आहे. या प्रशिक्षकाच्या काळात २०१३ च्या अखेरीपासून २०१६ पर्यंत पोलंड मैत्रीपूर्ण सामने खेळतच होता. प्रतिस्पर्धी पाहा : स्लोव्हाकिया, आयर्लंड, नॉर्वे, मोल्दोव्हा, स्कॉटलंड, जर्मनी, लिथुएनिया, स्वित्झर्लंड, ग्रीस, आइसलंड, चेक प्रजासत्ताक, सर्बिया, फिनलंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया. सगळे युरोपातले. पात्रता फेरी आणि युरो तर युरोपाबाहेर जाऊच शकत नव्हत्या. म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये उरुग्वेशी खेळेपर्यंत चार वर्षे या संघाने आपल्या खंडाबाहेरचा एकही प्रतिस्पर्धी पाहिला नव्हता. विश्वचषकाचे सलामीचे सामने पोलंड २००२ मध्ये दक्षिण कोरियाकडून आणि २००६ मध्ये इक्वेडोरकडून हरला होता. ही उणीव जुनी होती आणि नोंदींत लिहिलेली होती.

सूत्राने ती आणखी पक्की केली. आशिया किंवा आफ्रिकेच्या संघाशी खेळले की खंडाचा आकडा सुमारे ०.९२ वर यायचा, त्यामुळे त्या विजयाचे मोल आणखी घटायचे. ज्या सामन्यांची पोलंडला सर्वाधिक गरज होती त्यांनाच क्रमवारी सर्वांत कमी भाव देत होती. त्यामुळे बंद दाराआडचा, नोंदीत न येणारा सराव सामना हा चौथा पर्याय इथे नेमका उपयोगी पडला असता. मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये एक. क्रमवारी जशीच्या तशी, आणि तीन बचावपटूंचा प्रयोग आठ महिने आधी सुरू.

दुसरी गोष्ट कोपनहेगनची. एखाद्या निकालाचे क्रमवारीतले वजन आणि त्याचे फुटबॉलमधले वजन यांची दोन वेगळी टिपणे महासंघाने ठेवायला हवी होती. ०-४ चा परिणाम एक क्रमांक एवढाच असेल तर पदाधिकारी निश्चिंत होतात, हे साहजिक आहे. पण प्रशिक्षण विभागाच्या वहीत तो त्या वर्षीचा पहिला विषय असायला हवा होता. विश्वचषकात पहिल्या पॉटमधले दोनच संघ गटात बाद झाले, जर्मनी आणि पोलंड, दोघेही तळाला. मानांकन सोडतीपुरते असते. पहिली शिट्टी वाजली की त्याचा उपयोग संपतो.

मानांकन मिळवण्याचा निर्णय मात्र मी बदलला नसता. त्याच परिस्थितीत, त्याच सूत्राखाली, तो पुन्हा घ्यावा असेच मी म्हणेन.

सूत्र बदलल्यावर

जून २०१८ मध्ये फिफाने नवी पद्धत मंजूर केली. आता सरासरी नाही. सामन्याआधीच्या गुणांत भर पडते किंवा घट होते, आणि ती अपेक्षित निकालाच्या तुलनेत ठरते. खिडकीतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन १०, खिडकीबाहेरच्याचे ५, पात्रता सामन्याचे २५. १६०० गुणांच्या संघाने १४०० गुणांच्या संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवले तर सुमारे ३ गुण वाढतात, बरोबरी झाली तर जवळपास २ जातात, हरला तर सुमारे ७. जिंकून खाली जाण्याचा प्रकार संपला. न खेळण्याचा फायदाही बहुतांशी संपला, फक्त दुबळ्या पाहुण्याला बोलावण्याचा धोका उरला.

या नव्या पद्धतीत पोलंड २०२२ च्या सोडतीला २६ व्या क्रमांकाने, तिसऱ्या पॉटमधून गेला. गटात अर्जेंटिना, मेक्सिको आणि सौदी अरेबिया आले. पुन्हा तिघेही युरोपाबाहेरचे. मेक्सिकोशी ०-०, सौदी अरेबियावर २-०, अर्जेंटिनाकडून ०-२. गोलफरकावर मेक्सिकोला मागे टाकून पोलंड १९८६ नंतर प्रथमच बाद फेरीत गेला.